मान किती वाकते? अमेरिकी माजी सैनिकांची अपिले आणि संशयाचा फायदा

सुरुवातीला बसल्या जागी एक छोटी गोष्ट करून बघा. पाठ सरळ ठेवा आणि हनुवटी हळूहळू छातीकडे न्या. ज्यांची मान दुखते त्यांनी करू नका; मीही करणार नाही, माझ्या मानेची आणि माझी या वयात एक तडजोड झालेली आहे. धडधाकट मान पुढे ४५ अंश वाकते. मागेही ४५. डावा कान डाव्या खांद्याकडे, उजवा उजव्या खांद्याकडे, तेही प्रत्येकी ४५. मग तोंड डावीकडे आणि उजवीकडे वळवा, प्रत्येकी ८०. सगळ्याची बेरीज ३४० अंश.

हे आकडे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमावलीत छापलेले आहेत. माजी सैनिकांच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवण्याचे जे कोष्टक आहे, त्यात. मान पुढे १५ अंशांपर्यंतच वाकत असेल तर अपंगत्व ३० टक्के. १५ च्या पुढे पण ३० पर्यंत वाकली तर २० टक्के. ३० च्या पुढे पण ४० पर्यंत, तर १० टक्के. मोजमाप जवळच्या पाच अंशांना आणून ठेवायचे असाही नियम आहे. म्हणजे १७ अंश भरले तर ते १५ धरायचे आणि १८ भरले तर २०. एका अंशाने टक्केवारी ३० वरून २० वर येते. आणि ३० टक्क्यांचे महत्त्व असे, की तिथपासून पुढे बायको-मुलांसाठी भरपाईत वेगळी भर पडते. आता विचार करा, गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी डॉक्टरने किंचित तिरकी धरली तर एखाद्या घराचे किती पैसे गेले!

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस या विषयाकडे कसा वळला, असं मला विचारलं गेलं. त्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला दुखतंय हे आपल्याला कसं कळतं, हा प्रश्न मी वर्गात अनेक वर्षं शिकवला. विट्गेनस्टाइनने प्रत्येकाच्या हातात एकेक पेटी दिलेली आहे, आत काय आहे ते ज्याचं त्यालाच दिसतं, ते उदाहरण फळ्यावर पेटी काढून समजावलं. तास संपला की प्रश्न तसाच ठेवून आम्ही चहाला जायचो. काही लोकांना मात्र तसं चहाला जाता येत नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत कागदावर लिहावं लागतं, की या माणसाच्या पेटीत दहा टक्के दुखणं आहे की तीस टक्के. ते लोक हे कसं ठरवत आले, हा आजचा विषय.

अमेरिकेत ही गोष्ट देशाइतकीच जुनी आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, २६ ऑगस्ट १७७६ रोजी, तिथल्या काँग्रेसने लढाईत अवयव गमावलेल्या किंवा कमावण्यास असमर्थ झालेल्या सैनिकांना निम्मा पगार देण्याचा ठराव केला. तुटलेला हात दिसतो, त्यामुळे तिथे वाद कमी. खरी पंचाईत यादवी युद्धानंतर झाली. १८६२ च्या पेन्शन कायद्याने पूर्ण अपंगत्व आलेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर ठरवले, आणि पूर्ण अपंगत्व म्हणजे अंगमेहनतीचे काम न करता येणे. आता ज्याचा पाय गेला त्याचे ठीक. पण ज्याची कंबर धरते, ज्याला ओल्या जमिनीवर महिनोन्‌महिने झोपून संधिवात जडला, ज्याला खोगिरावरून पडल्यापासून मान वळवता येत नाही, त्याने काय दाखवायचे? त्याने अधिकाऱ्याचे नाहीतर सोबत्यांचे प्रतिज्ञापत्र आणायचे, मग सर्जनांच्या मंडळापुढे कपडे काढून उभे राहायचे. सोबती वारलेले, अधिकारी दूर कुठेतरी स्थायिक झालेले. वॉशिंग्टनमध्ये या पेन्शन खात्यासाठी १८८० च्या दशकात एक प्रचंड लाल विटांची इमारत बांधली. तिच्या चारी बाजूंनी युद्धावर निघालेल्या सैनिकांची मातीत घडवलेली रांग फिरते. आज तिथे वास्तुकलेचे संग्रहालय आहे. बाहेर सैनिक, आत फायली.

अर्ज फेटाळला गेला तर? त्या काळी एक वाट थेट संसदेत जायची. आपल्या भागातल्या प्रतिनिधीला गाठायचे आणि केवळ आपल्या एकट्याच्या नावाचे विधेयक मंजूर करून घ्यायचे. ही अतिशयोक्ती नाही, अशी विधेयके हजारांनी येत. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी आपल्या पहिल्या कारकिर्दीत त्यांतली दोनशेहून अधिक नाकारली, एकेक फाईल स्वतः वाचून, आणि नकाराची कारणे कधीकधी चांगली तिखट शब्दांत लिहून. माजी सैनिकांच्या संघटना त्यांच्यावर भयंकर चिडल्या. पण क्लीव्हलंड यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला पाहिजे. खोटे दावे होते, दलालांचे पेव फुटले होते. या दलालांना आवर घालायला संसदेने १८६४ मध्ये वकिलाची फी जास्तीत जास्त १० डॉलर ठरवून दिली होती. हा दहा डॉलरचा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या कायद्याने विचार बदलला. भरपाई कशाची? त्या विशिष्ट माणसाच्या बुडालेल्या पगाराची नव्हे, तर अशी दुखापत झालेल्या माणसाची नागरी व्यवसायातली कमाईची क्षमता सरासरीने किती घटते, त्याची. ‘सरासरी’ हा शब्द तेव्हा आला आणि मग कोष्टके आली. १९४५ चे कोष्टक १ एप्रिल १९४६ पासून लागू झाले, आणि आजचे कोष्टक म्हणजे त्याचीच डागडुजी.

मध्ये १९३३ साल आहे. महामंदी. रूझवेल्ट सत्तेवर आले आणि मार्च महिन्यातच त्यांनी काटकसरीचा कायदा करून घेतला. सैनिकांच्या भरपाईला कात्री लागली. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, ती कात्रीइतकी गाजली नाही पण जास्त टिकली. सैनिक प्रशासनाच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे त्यात लिहिले. त्याच वर्षी खात्यातच एक अपील मंडळ नेमले. म्हणजे खात्याने नाही म्हटले तर खात्याकडेच जा, आणि मंडळानेही नाही म्हटले तर घरी जा. हे पंचावन्न वर्षे चालले. वकील करावा तर फी दहा डॉलर! यादवी युद्धातली मर्यादा अजून तशीच. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. युक्तिवाद असा, की ही व्यवस्था मुळात सैनिकाच्या बाजूची आहे, वकील आले तर ती भांडकुदळ होईल. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. ज्याचा अर्ज तीनदा फेटाळला गेला आहे त्याला तो किती गोड लागला असेल, ते वेगळं.

शेवटी नोव्हेंबर १९८८ मध्ये कायदा झाला आणि माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय आले. या न्यायालयाच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या निकालांतला एक, १९९० चा गिल्बर्ट निकाल, दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या पाठीच्या दुखण्याबद्दलचा आहे. मला तो फार आवडतो. कायद्यात तरतूद होती, की पुरावा दोन्ही बाजूंनी साधारण समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा. म्हणजे नेमके काय? न्यायालयाने गल्लीतल्या बेसबॉलचा दाखला दिला: चेंडू आणि धावणारा एकाच क्षणी पोचले, तर धावणारा नाबाद. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. संशयाचा फायदा फलंदाजाला, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

इथे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट घडली आहे. दुसऱ्याचे दुखणे खात्रीने जाणता येते का, या प्रश्नाला कायदा हातच लावत नाही. तो विचारतो, आपली चूक होणारच असेल, तर तिचा खर्च कोणी सोसायचा? साध्या दिवाणी दाव्यात दावा करणाऱ्याला पारडे थोडे तरी झुकवावे लागते. इथे पारडी समान राहिली तरी तो जिंकतो. सैनिकाला जर सरकारने पाठवले, तर त्याच्याबद्दलच्या अज्ञानाचा भार सरकारने उचलावा.

हे फक्त अमेरिकेचे नाही. ब्रिटनने १९४३ मध्ये युद्धपेन्शनचा नियम बदलून पुराव्याचा बोजा सैनिकावरून काढला होता. त्या नियमाखालचा १९४७ चा एक खटला आहे, मिलर विरुद्ध पेन्शनमंत्री. सैनिकाची विधवा अपिलात आलेली. न्यायाधीश डेनिंग. ‘वाजवी संशयापलीकडे’ सिद्ध करणे म्हणजे संशयाची सावलीसुद्धा न उरणे नव्हे, हे जे विवेचन आपल्याकडच्या फौजदारी निकालांत सतत उद्धृत होते, ते मूळचे या पेन्शनच्या खटल्यातले आहे. खुनाच्या खटल्यात ते वाचणाऱ्या किती वकिलांना हे ठाऊक असेल? त्या विधवेला मात्र पेन्शन मिळाले नाही. आपल्या १९८२ च्या नियमांतही दावेदाराला सिद्ध करायला सांगू नये, वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यावा, असे होते आणि २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितले. तो खटला अपस्माराचा होता, मानेचा नव्हे, म्हणून त्यात शिरत नाही.

परत मानेकडे. नियम इतका उदार, तर अपिले इतकी का? कारण एका हाताने दिलेला संशयाचा फायदा दुसऱ्या हाताने परत घ्यायच्या वाटा असतात. कण्याच्या दुखण्यात त्या सगळ्या एकत्र भेटतात. आणि कण्याचे दुखणे काही विरळा नाही. मानेचा किंवा कमरेचा ताण हे तिथल्या भरपाई मिळणाऱ्या सैनिकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या काही विकारांत मोडते.

समजा, एक छत्रीधारी सैनिक आहे. हा माझ्या कल्पनेतला माणूस आहे, कोणी खरा नव्हे. वीस-बावीस वर्षांचा असताना शेकडो फुटांवरून पाठीला बोचके बांधून उड्या मारल्या. एकदा वाईट पडला, मान आखडली. दवाखान्यात गेला का? नाही. रांगेत उभे राहिले की सोबती कामचुकार म्हणतात. नोकरी सुटताना तपासणीचा फॉर्म भरला. मान दुखते का? नाही, अशी खूण केली, कारण हो म्हटले तर आणखी चार दिवस थांबावे लागले असते आणि बाहेर बस उभी होती. पंचवीस वर्षांनी हात बधिर व्हायला लागला. एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांची झीज दिसली, गाद्या चपटलेल्या दिसल्या.

आता याला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत. आज विकार आहे. सेवेत काहीतरी घडले होते. आणि या दोन्हींचा संबंध आहे. पहिली दाखवता येते. दुसरीत कागद नाही. तिसरीत डॉक्टर लिहितो, ‘वयोमानानुसार झीज’. हे शब्द खोटेही नाहीत! पन्नाशीत कुणाची मान झिजत नाही? पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या पडण्याने ती लवकर झिजली की नाही, हा प्रश्न त्या शब्दांनी सुटत नाही, तो फक्त झाकला जातो. डॉक्टरने सांगायचे असते ते एवढेच, की सेवेशी संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी तरी आहे का. शंभरात पन्नास. पण डॉक्टरी शिक्षणात ‘माहीत नाही’ हे उत्तर ‘नाही’च्या शेजारी ठेवायची सवय लागते, आणि ‘पन्नास टक्के’ लिहायला हात धजत नाही.

कागद नसण्याची दुसरी कारणेही आहेत. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या सैनिकी अभिलेखागाराला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्या माणसांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. म्हणजे दोन्ही महायुद्धे आणि कोरिया. अशा सैनिकाला ‘तुमच्या फाईलमध्ये दुखापतीची नोंद नाही’ असे सांगणे ही थट्टाच झाली. न्यायालयाने १९९१ मध्ये बजावले, की फाईल सरकारच्या ताब्यात असताना गेली असेल तर निर्णयाची कारणे देण्याची खात्याची जबाबदारी वाढते. पुढे २००६ मध्ये वरच्या न्यायालयाने असेही सांगितले, की त्या वेळचा वैद्यकीय कागद नाही एवढ्यावरून सैनिकाचा शब्द अविश्वसनीय ठरवता येत नाही. बायकोची साक्ष, सोबत्याचे पत्र, हे सगळे पुरावा आहे. यादवी युद्धातली प्रतिज्ञापत्रे परत आली म्हणायची.

समजा संबंध मान्य झाला. मग टक्केवारी. २००३ पर्यंत कण्याच्या कोष्टकात विशेषणे होती. मानेची हालचाल ‘किंचित’ कमी झाली तर १० टक्के, ‘मध्यम’ तर २०, ‘तीव्र’ तर ३०. एका डॉक्टरचे मध्यम ते दुसऱ्याचे किंचित. २६ सप्टेंबर २००३ पासून विशेषणे गेली आणि अंश आले. मला हा बदल एकंदरीत बरा वाटतो, कारण अंशाशी निदान भांडता येते, विशेषणाशी भांडता येत नाही. पण त्या कोष्टकाच्या माथ्यावर एक विलक्षण वाक्यखंड आहे. ही टक्केवारी वेदना, ताठरपणा, ठणका अशी लक्षणे असोत वा नसोत, लागू होईल, अशा अर्थाचा. माणूस दुखते म्हणून आला, आणि कोष्टक म्हणते, दुखो वा न दुखो, वाकते किती ते सांग.

गादीच्या विकारासाठी दुसरा एक मार्ग ठेवला आहे. वर्षभरात दुखण्यामुळे किती आठवडे अंथरुणाला खिळून होता, त्यावर टक्केवारी. सहा आठवडे किंवा जास्त असतील तर ६० टक्के. अट अशी, की ती विश्रांती डॉक्टरने लिहून दिलेली असली पाहिजे. घरी तुम्ही स्वतःहून जमिनीवर आडवे पडून राहिलात तर तो दिवस धरत नाहीत. आणि गंमत म्हणजे, १९९० च्या दशकापासूनच वैद्यकशास्त्र पाठदुखीच्या रोग्याला सांगत होते, पडून राहू नका, हिंडते-फिरते राहा. जी विश्रांती चांगला डॉक्टर लिहून देणार नाही, तिच्यावर भरपाई!

यातून वाट काढली ती अपिलांनी. १९९५ मध्ये डीलूका खटल्यात न्यायालय म्हणाले, की तपासणीच्या दुपारी सांधा किती वळतो एवढे पुरे नाही. दुखण्यामुळे, थकव्याने, वारंवार वापराने आणि दुखणे उफाळले असताना तो आणखी किती आखडतो, तेही शक्य तर अंशांत सांगा. तो खटला खांद्याचा होता, पण मानेच्या शेकडो अपिलांत त्याचा आधार घेतला गेला. डॉक्टर काय लिहू लागले? ‘आज दुखणे उफाळलेले नाही, त्यामुळे तर्क केल्याशिवाय सांगता येणार नाही.’ हे वाक्य अहवालांत ठशासारखे उमटू लागले. २०१७ च्या शार्प निकालाने तेही अडवले. उफाळल्याच्या दिवशी तुम्ही हजर नव्हता ना? मग त्याला विचारा. किती वेळा होते, किती दिवस टिकते, तेव्हा काय करता येत नाही. त्याच्या सांगण्यावरून आणि फाईलवरून अंदाज करा. नुसते माहीत नाही म्हणून हात झटकू नका.

आता माझ्या वर्गातला मूळ प्रश्न. एमआरआय स्वच्छ आहे, निदान सापडत नाही, पण दुखते. हे अपंगत्व आहे का? १९९९ मध्ये मानेच्या दुखण्याच्याच एका प्रकरणात, सांचेझ-बेनिटेझ खटल्यात, न्यायालयाने उत्तर दिले, नाही. मुळाशी ओळखता येईल असा विकार नसेल तर नुसती वेदना म्हणजे अपंगत्व नव्हे. एकोणीस वर्षे त्या वाक्याने दावे अडवले. एप्रिल २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने सॉन्डर्स खटल्यात, तो गुडघ्यांचा होता, ते वाक्य चुकीचे ठरवले. अपंगत्व म्हणजे कमाईच्या क्षमतेत अडथळा, आणि वेदनेमुळे तो अडथळा येत असेल तर निदानाचे नाव नसले तरी चालेल. मात्र नुसते ‘दुखते’ म्हणून भागत नाही. दुखण्यामुळे काय करता येत नाही, ते दाखवावे लागते. पेटीत काय आहे ते न पाहता, पेटी उचलताना माणूस किती वाकतो ते पाहायचे. मला यापेक्षा शहाणा तोडगा सुचलेला नाही, आणि तो तत्त्वज्ञाच्या टेबलावर नाही, गुडघेदुखीच्या अपिलात सापडला, याची थोडी लाजही वाटते.

अपिलाची वाट अलीकडे बदलली, तेही सांगून टाकतो. २०१७ चा कायदा १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. निर्णय आल्यापासून एका वर्षात तीन दारांपैकी एक निवडायचे: त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी, नवा पुरावा जोडून पुन्हा दावा, किंवा थेट अपील मंडळ. रांगा लांबच आहेत, पण आपण कुठल्या रांगेत आहोत ते तरी कळते.

मार्च २०२५ मध्ये मात्र एक निकाल आला, ज्याने गिल्बर्टचा प्रश्न परत वर आणला. बफकिन खटला, अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय, सात विरुद्ध दोन. प्रश्न असा, की पुरावा समतोल आहे की नाही हे मंडळाने ठरवल्यावर वरच्या न्यायालयाने ते नव्याने तपासायचे का? बहुमताने सांगितले, नाही. तो वस्तुस्थितीचा निर्णय आहे, उघड चूक दिसली तरच हात घालायचा. मतभेद नोंदवणाऱ्या दोघांचे म्हणणे, की मग संशयाचा फायदा देण्याचा नियम पाळला गेला का हे संसदेने न्यायालयाला बघायला सांगितले, त्याला अर्थ काय उरला?

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी सांगतो, याला ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात. चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाताना दिसतोय, पण मैदानावरच्या पंचाने जे बोट वर केलं किंवा केलं नाही, तेच कायम. फरक एवढाच, की इथला पंच फलंदाजाच्या प्रतिपक्षाच्या पगारावर आहे. आणि त्याच्या समोरच्या कागदावर एका अनोळखी डॉक्टरने पंधरा-वीस मिनिटांत मोजलेला आकडा आहे, १७ किंवा १८.

थांबतो. माझी मान आता खरोखरच आखडली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या, बसल्या जागेवरूनच विचारा.